वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार : आधी दावा वाचवा, मग सनदेचं बघा

आमचा विहिरीकडच्या वाटेचा दावा चालू आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. अण्णा दर तारखेला तालुक्याला जायचे, वकिलांच्या कारकुनाच्या हातात पाचशे रुपये ठेवायचे, पुढची तारीख चिठोऱ्यावर लिहून घ्यायचे आणि दुपारच्या एसटीने परत यायचे. एका गणपतीत पुण्याहून आलेल्या भाच्याने गंमत म्हणून मोबाइलवर ई-कोर्ट्सचं अॅप उघडलं आणि अण्णांचं नाव टाकलं. दावा सापडला. स्थिती : निकाली. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. म्हणजे दावा संपल्यानंतरही चौदा महिने अण्णा पाचशे रुपये देत होते आणि कारकून तारखा देत होता.

पुढची साडेतीन वर्षं मी जे शिकलो, ते खाली पायरीपायरीने लिहितो आहे. मी वकील नाही. महाराष्ट्रात किंवा गोव्यात तुमच्या वकिलाने तुमच्याशी असंच काही केलं असेल आणि नेमकं कुठे जायचं हे कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. बार कौन्सिलकडची (वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेकडची) तक्रार ही वकिलाच्या सनदेपुरती, म्हणजे वकिलीच्या परवान्यापुरती असते. तिच्यातून तुमचा दावा परत उभा राहत नाही आणि बुडालेला पैसाही सहसा हातात येत नाही. ज्याला हे दोन्ही हवंय, त्याला दोन वाटा एकाच वेळी चालाव्या लागतात.

१. आधी दावा वाचवा

राग बाजूला ठेवा आणि पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा : न्यायालयात जाऊन नकलेचा अर्ज द्या. रोजनाम्याची आणि शेवटच्या आदेशाची प्रमाणित नक्कल मागा. दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक अॅपवर दिसतो, तो कागदावर लिहून न्या म्हणजे खिडकीवर हेलपाटा होत नाही.

रोजनामा म्हणजे दाव्याची डायरी. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, न्यायाधीशांनी काय लिहिलं, सगळं त्यात असतं. आमच्या रोजनाम्यात ओळीने पाच तारखांना ‘वादी व वादीचे वकील गैरहजर’ असं होतं आणि सहाव्या तारखेला दावा काढून टाकल्याचा आदेश. अण्णा त्या सहाही तारखांना न्यायालयाच्या आवारातच होते. वकिलांच्या टेबलापाशी. आत जायची गरज नाही असं त्यांना सांगितलेलं होतं.

आता मुदतीकडे बघा. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला असेल, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ खाली करतात आणि त्याला ३० दिवस मिळतात. तुम्ही प्रतिवादी असाल आणि तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा (तुमचं म्हणणं न ऐकता दिलेला निकाल) झाला असेल, तर तोच आदेश, नियम १३, मुदत तीच. मुदत उलटून गेली असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशीर का झाला ते दिवसांच्या हिशोबाने सांगावं लागतं. ‘आम्हाला आज कळलं’ हे सिद्ध करायला भाच्याच्या मोबाइलवरचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉटसुद्धा आमच्या उपयोगी पडला.

यासाठी नवा वकील लागेल. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

इथला सापळा असा : अनेक जण सगळी ताकद तक्रारीत घालतात आणि अर्जाची मुदत तक्रारीच्या भरात निघून जाते. बार कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून दिवाणी न्यायालयातली मुदत थांबत नाही.

२. हे गैरवर्तन आहे, की नुसता हरलेला दावा?

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. वकील हरला, त्याचा सल्ला चुकला, युक्तिवाद तुम्हाला पटला नाही, एवढ्यावर सनदेला धक्का लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्ये आपल्याकडच्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात काम करणारे पांडुरंग दत्तात्रय खांडेकर आणि त्यांचे एक सहकारी यांच्याविरुद्ध तिथल्याच बारा वकिलांनी तक्रार केली होती. दोघांच्या सनदा काही महिन्यांसाठी निलंबित झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. चुकीचा सल्ला वेगळा आणि अनुचित सल्ला वेगळा. नुसता निष्काळजीपणा, ज्यात नीतीचा भ्रष्टपणा नाही, तो व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही, असा त्या निकालाचा गाभा.

मग गैरवर्तन कोणतं? कायद्यात यादी दिलेली नाही. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ मध्ये ‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन’ एवढेच शब्द आहेत. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (देशपातळीवरच्या कौन्सिलच्या) नियमांत, भाग ६ च्या दुसऱ्या प्रकरणात, वकिलाने कसं वागायचं ते कलमवार लिहिलंय. सामान्य पक्षकाराच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टी त्यातून मी अशा निवडल्या :

- पक्षकाराचे पैसे (नुकसानभरपाई, अनामत, न्यायालयातून काढलेली रक्कम) स्वतःकडे ठेवणं, किंवा हिशोब मागितल्यावर न देणं
- दोन्ही बाजूंसाठी काम करणं, किंवा प्रतिपक्षाशी असलेला संबंध लपवणं
- सबळ कारण आणि पुरेशी सूचना नसताना मध्येच काम सोडणं आणि न केलेल्या कामाची फी परत न करणं
- ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा करार करणं
- तुमच्या सांगण्याशिवाय तडजोड करून टाकणं
- फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवणं
- न्यायाधीशांना द्यायचे म्हणून पैसे मागणं

टक्केवारीचा करार गावोगाव चालतो, विशेषतः अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या दाव्यांत. चालतो म्हणून नियमात बसत नाही. बसणारही नाही.

आणखी एक. समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्ध तक्रार करायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यानेच तर आपल्याला हरवलेलं असतं! सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आपल्या राज्याच्या बार कौन्सिललाच ५०,००० रुपयांचा खर्च भरायला लावला. तक्रारदार त्या वकिलाचा पक्षकार कधीच नव्हता. वकील आणि तक्रारदार यांच्यात व्यावसायिक नातं नसेल तर अशी तक्रार सर्वसाधारणपणे टिकत नाही, आणि कौन्सिलनेही ती डोळे झाकून पुढे पाठवू नये, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा तुमची सही असलेलं वकीलपत्र (वकिलाला तुमच्या वतीने काम करायचा अधिकार देणारा कागद) ही तुमची पहिली पायरी समजा.

३. कोणाच्या दारात जायचं

मी पहिला अर्ज तालुक्याच्या वकील संघाच्या अध्यक्षांना दिला होता. त्यांनी चहा पाजला. ‘बघतो’ म्हणाले. सहा महिने गेले.

वकील संघ ही वकिलांची संघटना आहे. तिला सनदेला हात लावायचा अधिकार नाही. तो अधिकार राज्याच्या बार कौन्सिलचा. आपल्यासाठी ती म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. तिचं कार्यालय मुंबईत फोर्टमध्ये, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वकीलही तिच्याच यादीवर असतात.

मात्र वकील कुठे काम करतो यापेक्षा त्याची सनद कुठली हे महत्त्वाचं. वकीलपत्रावर त्याच्या नावाखाली नोंदणी क्रमांक असतो. सुरुवातीला ‘एमएएच’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर आपली कौन्सिल. सीमाभागातल्यांनी हे नीट बघा : कोल्हापूर किंवा सोलापुरात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाची सनद कर्नाटकातली असू शकते, मग तक्रार बेंगळुरूला जाते. बेळगावच्या वकिलाबद्दलही तेच.

कुठे जाऊ नये तेही सांगतो. ग्राहक मंचाची वाट आता बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निकाल दिला, त्यामुळे जुने लेख वाचून तिकडे धावू नका. नोटरीच्या शिक्क्याबद्दल तक्रार असेल तर ती नोटरी कायद्याखाली सरकारकडे जाते. आणि पैसे हडपले असतील, खोट्या सह्या केल्या असतील तर तो गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताचं आणि ३१८ फसवणुकीचं. फी परत हवी असेल तर दिवाणी दावा. या वाटा एकमेकींना अडवत नाहीत.

४. कागद गोळा करा

तक्रार लिहायला बसण्याआधी एक महिना फक्त यासाठी द्या. मी दिला नाही, आणि नंतर दर सुनावणीला एकेक कागद शोधत बसलो.

- वकीलपत्राची प्रमाणित नक्कल (न्यायालयाच्या फाइलमधून मिळते, वकील देईल याची वाट बघू नका)
- रोजनामा आणि आदेशांच्या प्रमाणित नकला
- फीच्या पावत्या, बँक खात्याचा उतारा, यूपीआयच्या नोंदी
- व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि संदेश, तारखा दिसतील असे
- पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि पोस्टाच्या पावत्या, पोचपावत्या
- सोबत जाणाऱ्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र
- तुमचं ओळखपत्र. दुसऱ्याच्या वतीने तक्रार करत असाल तर मुखत्यारपत्र

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल तर मूळ फोन जपून ठेवा. विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

रोख दिलेल्या पैशांचं काय? हा सगळ्यांचाच घसा कोरडा पाडणारा प्रश्न. आमच्याकडे एकही पावती नव्हती. पण अण्णांना सवय होती : दूध डेअरीच्या वहीत, लिटर आणि फॅटच्या रकान्यांच्या बाजूला, जाणारा प्रत्येक रुपया लिहून ठेवायचा. ‘वकील ५००. एसटी ६४. भजी १५.’ अशा एकोणतीस नोंदी निघाल्या. शाई वेगवेगळी, कधी पेन्सिल, एका पानावर दुधाचा डाग. त्या नोंदींच्या तारखा रोजनाम्यातल्या तारखांशी जुळल्या आणि शेवटच्या नऊ नोंदी दावा संपल्यानंतरच्या निघाल्या. नंतर समितीपुढे सगळ्यात जास्त वेळ गेला तो या वहीवर. तेव्हा तुमच्या घरात असलं काही असेल तर ते जुन्या रद्दीत देऊ नका. सराफाची डायरी, किराण्याची वही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खरडलेल्या तारखा, सगळं चालतं. नव्याने ‘स्वच्छ’ लिहून काढायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. मूळ पान मळकं असलं तरी तेच खरं.

५. एक नोटीस स्पीड पोस्टाने

तक्रारीआधी वकिलाला साधं पत्र लिहा. त्यात तीनच मागण्या ठेवा : माझी फाइल परत द्या, पैशांचा हिशोब द्या, नव्या वकिलासाठी ना-हरकत द्या. पंधरा दिवसांची मुदत. शिव्या नकोत, धमकी नको. ‘तुमची सनद घालवीन’ असं एक वाक्य लिहिलंत तर पुढे तेच वाक्य तो समितीपुढे वाचून दाखवेल आणि तुम्ही दबाव आणत होतात असं म्हणेल.

फाइलबद्दल पक्षकाराची बाजू भक्कम आहे. आर. डी. सक्सेना नावाच्या वकिलाने मध्य प्रदेशातल्या सहकारी बँकेच्या फाइली ९७,१०० रुपये फी थकल्याचं सांगून अडवून ठेवल्या होत्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फीसाठी पक्षकाराचे कागद ओलीस ठेवायचा हक्क वकिलाला नाही. मागितल्यावर फाइल न देणं हे गैरवर्तन आहे. फी खरंच बाकी असेल तर त्याने ती वसूल करायला वेगळा दावा लावावा.

पत्राचा लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आला तर तो फोडू नका. तसाच बंद ठेवून तक्रारीला जोडा.

६. तक्रार लिहिणं

तक्रार मराठीत करता येते. राज्यभाषेतली तक्रार चालते असं नियमातच आहे आणि प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं तर इंग्रजी भाषांतर करून पाठवण्याची जबाबदारी राज्याच्या कौन्सिलची. मला आमच्या ओळखीच्या एका टंकलेखकाने ‘इंग्रजीतच लागते’ म्हणून तीन हजार रुपयांना इंग्रजी करून दिली होती, तीही चुकांनी भरलेली. ती फेकून मी मराठीत लिहिली.

अर्ज साधा नको, रीतसर विनंती अर्जाच्या रूपात हवा. खाली सही आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन, म्हणजे कोणती गोष्ट मला स्वतःला माहीत आहे आणि कोणती ऐकीव, ते परिच्छेदांच्या क्रमांकासह सांगणं. सत्यापन नसलं की तक्रार त्रुटी काढून परत येते. फी किती, प्रती किती, प्रतिज्ञापत्र किती रुपयांच्या मुद्रांकावर, हे कार्यालयाला त्या आठवड्यात फोन करून विचारा. इंटरनेटवरच्या जुन्या आकड्यांवर जाऊ नका.

मजकूर तारखेच्या क्रमाने लिहा. एका परिच्छेदात एकच घटना, आणि शेवटी कंसात जोडपत्राचा क्रमांक. माझा पहिला मसुदा अकरा पानांचा होता. त्यात अण्णांचा रक्तदाब होता, भावकीचं भांडण होतं, वकिलांच्या नव्या गाडीचा रंगसुद्धा होता. एका निवृत्त बेलिफाने (न्यायालयाच्या नोटिसा बजावणाऱ्या कर्मचाऱ्याने) तो वाचला, गाडीवर लाल रेघ मारली आणि म्हणाला, ‘हे काढा, नायतर तुमची तक्रार जळणाऱ्याची वाटेल.’ शेवटची तक्रार साडेतीन पानांची झाली.

विधानं मोजून करा. समितीपुढचं कामकाज कायद्याने न्यायिक कामकाज मानलं जातं, म्हणजे तिथे खोटं बोलणं हा गुन्हा आहे. तुम्ही ज्याला पाहिलं नाही त्याने लाच घेतली असं लिहू नका.

कलम ३५ मध्ये तक्रारीसाठी मुदत घातलेली नाही. तरीही जितका उशीर, तितके साक्षीदार विसरतात.

तक्रार लिहून द्यायला तुमच्या तालुक्यातला वकील बहुधा तयार होणार नाही. उद्या त्याच बार रूममध्ये त्याला डबा खायचा असतो. जिल्ह्याबाहेरचा बघा, किंवा स्वतः लिहा. स्वतः उभं राहायची मुभा आहे.

७. दाखल केल्यावर काय होतं

लगेच सुनावणी होत नाही. आधी सचिव त्रुटी बघतात. तक्रार नोंदली गेली की ती कौन्सिलपुढे ठेवली जाते. कौन्सिल तुमच्याकडून जास्त तपशील मागू शकते, वकिलाचं म्हणणं मागवू शकते. सकृद्दर्शनी दम आहे असं वाटलं, कायद्याच्या भाषेत ‘मानण्यास कारण’ असलं, तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

समिती तीन जणांची असते. दोघे कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरचा अनुभवी वकील. ‘वकीलच वकिलाला कशाला शिक्षा करतील’ असं आमच्या वेशीवर सगळे म्हणत होते. संशय रास्त आहे, नाकारत नाही. पण माझा अनुभव सांगतो : तिसऱ्या सदस्याने आमच्यापेक्षा वकिलालाच जास्त टोकदार प्रश्न विचारले. ‘पाच तारखा तुम्ही कुठे होतात?’ या प्रश्नावर वकील साहेबांनी तीन वेगळी उत्तरं दिली.

८. सुनावणी

नोटिशीत ठिकाण आणि वेळ असते. जाच. तुम्ही गैरहजर राहिलात तर समिती तुमच्यावाचून पुढे जाऊ शकते, आणि गैरहजेरीमुळे दावा बुडालेल्या माणसाने इथेही गैरहजर राहावं यासारखा विनोद नाही.

समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. पुष्कळ वेळा कागद आणि प्रतिज्ञापत्रांवरच काम चालतं. गरज वाटली तर तोंडी साक्ष आणि उलटतपासणी होते. पुराव्याची पातळी उंच असते. संशयाचा फायदा वकिलाला मिळतो, कारण त्याची भाकरी पणाला लागलेली असते.

अण्णांची उलटतपासणी वीस मिनिटं झाली. वही दाखवून त्यांना विचारलं, ‘हे नंतर लिहिलं नाही कशावरून?’ अण्णा म्हणाले, ‘त्या दिवशीचं फॅट तीन पॉइंट आठ लिहिलंय बघा. डेअरीत जाऊन विचारा.’ डेअरीने उतारा दिला. फॅट तीन पॉइंट आठच होतं.

उलटतपासणीत आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने तारीख सांगू नका.

९. तडजोडीचा सापळा

मध्येच निरोप येतो. कधी गावातला पुढारी, कधी वकिलाचा मेहुणा. ‘पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या.’ पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, नियमाप्रमाणे नुसती तडजोड झाली किंवा तक्रारदाराने अंग काढून घेतलं म्हणून प्रकरण बंद करता येत नाही. हे भांडण तुमच्या दोघांपुरतं राहिलेलं नसतं. दोन, पैशांच्या बदल्यात ‘माझी तक्रार खोटी होती’ अशा कागदावर सही मागतात. ती कधीही करू नका. पैसे मिळाले तर ‘अमुक रक्कम मिळाली’ एवढीच पावती द्या.

कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही. जयपूरच्या एका प्रकरणात पक्षकाराने विश्वासाने सही करून दिलेल्या कोऱ्या कागदांवरून खोटी तडजोड न्यायालयात दाखल झाली होती. डी. पी. चढ्ढा हे त्या प्रकरणातले वकील. सर्वोच्च न्यायालयाने २००० च्या अखेरीस त्यांची पाच वर्षांची बंदी ठेवली. पक्षकाराचं नुकसान मात्र तोवर झालेलंच होतं.

१०. निकाल : काय होऊ शकतं

कलम ३५ मध्ये चारच शक्यता आहेत. तक्रार फेटाळणं. ताकीद देणं. ठरावीक काळासाठी सनद निलंबित करणं. त्या काळात देशात कुठेही वकिली करता येत नाही. आणि शेवटची, वकिलांच्या यादीतून नाव काढून टाकणं, ज्याला आपण सनद रद्द म्हणतो. खर्चाचा आदेशही होऊ शकतो.

नाव कधी काढतात याची दोन उदाहरणं बघा. उत्तर प्रदेशातल्या हरिश्चंद्र तिवारी या वकिलाने बैजू नावाच्या म्हाताऱ्या, निरक्षर पक्षकाराची भूसंपादनाची ८,११८ रुपये भरपाई न्यायालयातून काढली आणि स्वतःकडेच ठेवली. वर तडजोड झाल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र आणलं. तीन वर्षांची बंदी झाली होती. तिवारीच अपिलात गेले, तर सर्वोच्च न्यायालयाने नावच काढून टाकलं. रक्कम आठ हजार, म्हणून प्रकरण लहान समजलं गेलं नाही. दुसरं राजस्थानचं, २००१ मधलं. एका जुन्याजाणत्या वकिलाने पक्षकाराला चक्क पत्र लिहून न्यायाधीशांसाठी दहा हजार रुपये मागवले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने आधी नाव काढलं, मग स्वतःच्याच निर्णयाचा फेरविचार करून वयाकडे बघून ताकिदीवर सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने नाव काढण्याची शिक्षा परत लागू केली.

उलट सक्सेना प्रकरणात अठरा महिन्यांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ताकिदीवर आणली, कारण तोवर कायदा स्पष्ट नव्हता. म्हणजे शिक्षेचा अंदाज आधी बांधत बसू नका.

११. एक वर्ष, दिल्ली आणि साठ दिवस

राज्याच्या समितीने तक्रार आल्यापासून एका वर्षात निकाल दिला पाहिजे. नाही दिला तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हे वर्षाचं बंधन पाळा म्हणून पुन्हा बजावलं आहे. तुमच्या तक्रारीची दाखल तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा आणि दहाव्या महिन्यात कार्यालयाला लेखी विचारणा करा. आमचं वर्ष उलटलं आणि कागद दिल्लीला गेले. मग आम्हीही. गोवा एक्सप्रेसने दोनदा, बरोबर दूध डेअरीची वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

राज्याच्या समितीचा निकाल पटला नाही तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आदेश कळवल्यापासून ६० दिवसांत. तिथला निकाल पटला नाही तर थेट सर्वोच्च न्यायालय, तिथेही ६० दिवस. उच्च न्यायालय या साखळीत नाही. दिवस मोजायचे ते आदेश तुमच्या हातात पडल्यापासून, म्हणून आदेशाचा लिफाफा, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट, फाइलला टाचून ठेवा. अपिलात शिक्षेला स्थगिती मिळू शकते. वकील निकालानंतर आठवड्याभरात पुन्हा काळा कोट घालून दिसला तर आदेश मोडला असं लगेच समजू नका, आधी स्थगिती आहे का ते बघा.

आमच्या वकिलांना ताकीद मिळाली आणि आम्हाला प्रवासखर्च. आदेश मी अण्णांना वाचून दाखवला. ‘एवढंच?’ म्हणाले. मग चष्मा पुसून विचारलं, ‘विहिरीची तारीख कधी आहे?’ विलंबमाफी मिळाली होती, दावा फाइलवर परत आला होता. सतरा तारीख होती. त्या दिवशी अण्णा टेबलापाशी थांबले नाहीत, आत जाऊन पहिल्या बाकावर बसले.